लंगडी थांबली तेव्हा

खरं सांगू का... या सदरातले अनुभव मी आजपर्यंत हसायला वाचत आले. स्टाफरूममध्ये डबा खाताना मोठ्याने वाचून दाखवायचे आणि एकेकाची चिरफाड करायचे. पांढरी साडी दिसली? दोरीवर वाळत घातली असणार. माळ्यावर पावलं वाजली? घूस. मी भिवंडीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते, त्यामुळे असल्या गोष्टींचा समाचार घेणं मला नोकरीचाच भाग वाटायचा.

शिवाय आमची घरं बौद्ध. माहेरी काय आणि सासरी काय, उतारा, अंगात येणं, दृष्ट काढणं, यातलं काही चालत नाही. आजोबांच्या पिढीने देव्हारा उचलून पाण्यात सोडला तो कायमचा. माझे सासरे, आप्पा, तर या बाबतीत इतके कडक की शेजारच्या बाईने मिरच्या ओवाळायला घेतल्या की ओट्यावरून ओरडायचे, "त्या मिरच्या कालवणात टाक गो, चव तरी येल!" माझं त्यांच्याशी जमलं ते यामुळेच. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात आम्ही दोघांनी मिळून एका भगताला दारातून परत पाठवलं होतं.

तेव्हा आज मी हे लिहितेय याचं सगळ्यात जास्त आश्चर्य मलाच वाटतंय. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. मीही हसले असते.

माझं सासर राहनाळ. भिवंडीच्या बाहेर, गोडाऊनच्या पट्ट्यात. पूर्वी सगळी भातशेती होती म्हणतात. आता शेतात मुरमाचा भराव टाकून गोडाऊनं उभी आहेत आणि कंटेनर वळला की आमच्या मांडणीवरची भांडी वाजतात. घरामागे पत्र्याची शेड, शेडमध्ये आप्पांचे लूम. आप्पा आयुष्यभर दुसऱ्यांच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले लूम लावून देणारे. मालकांनी भंगारात काढलेले लूम त्यांनी एकेक करून घरी आणले, दुरुस्त केले, चालवले, आणि वय झालं तसे एकेक करून विकले. शेवटी एकच ठेवला. तिचं नाव लंगडी.

चांगला लूम एका तालात खटाखट चालतो. लंगडीचे दोन ठोके बरोबर पडायचे आणि तिसरा पाय ओढत आल्यासारखा, जरा थांबून. खट खट... खटाक. लग्न करून आले तेव्हा पहिल्या रात्री मला त्या आवाजाने झोप लागेना, आणि वर्षभराने माहेरी गेले तर त्या आवाजाशिवाय झोप लागेना. आप्पांना तो दोष काढायला एक दुपार पुरली असती. त्यांनी मुद्दाम काढला नाही, त्याला कारण माझा नवरा, मिलिंद.

मिलिंद लहान असताना पोरांबरोबर चिंबोऱ्या पकडायला खाडीकडच्या खाजणात गेला आणि मागे राहिला. संध्याकाळ झालेली, चिखल, डोक्याएवढं गवत, वर भरतीचं पाणी चढायला लागलेलं. रडून रडून दमला तेव्हा त्याला लांबून लंगडी ऐकू आली. गावात लूम पुष्कळ होते, पण लंगडणारा हा एकच. त्या आवाजावर तो चालत सुटला. मधेच लाईट गेली, आवाज बंद, तरी हा अंदाजाने चालत राहिला आणि कमरेपर्यंत चिखलात रुतला. आप्पा कंदील घेऊन शोधत गेले म्हणून वाचला.

त्या दिवसापासून घरात नियम झाला. मिलिंद तो आप्पांच्या आवाजात म्हणून दाखवायचा: "आवाज येतोय तोवर आवाजावर यायचा. आवाज थांबला का जिथं हायस तिथंच उभा ऱ्हायचा. पाय हलवायचा न्हाय. मी येतो." पुढे अंधार पडला आणि मिलिंद घरी नसला की आप्पा लंगडी चालू ठेवायचे, कापडाची ऑर्डर असो नसो. मिलिंद बारावीला गेला तरी! मित्र चिडवायचे, म्हणायचे, जा रे, तुझी लंगडी बोलावतेय.

पुढे मिलिंदने डिप्लोमा केला, जवळच्या वळ गावातल्या एका गोडाऊनमध्ये कन्व्हेअर बेल्ट सांभाळायची नोकरी धरली आणि तिथून त्याला फिनलंडला नोकरी लागली. तिथेही गोडाऊनच. मी त्याला म्हणायचे, राहनाळचं पोरगं गोडाऊनमधून निघालं ते जगाला वळसा घालून परत गोडाऊनमध्येच! उन्हाळ्यात आम्ही दोघं तिकडे गेलो. देशाच्या मध्यावरचं एक छोटं शहर, शहर कसलं, आपल्या अंजूरफाट्याला जास्त माणसं दिसतील. आजूबाजूला जंगल आणि तळी.

नव्याची नवलाई मी सगळी भोगली. तिथेही घरात जाताना चपला-बूट दारात काढतात, हे बघून मला माहेरच्यासारखं वाटलं होतं. कपडे धुवायची पाळी इमारतीच्या दारावर लिहावी लागते आणि पाळी चुकली तर कोणी काही बोलत नाही, नुसतं बघतात. ते बोलण्यापेक्षा वाईट. कोथिंबीर कुंडीसकट विकत मिळते. शेजारी जिन्यात आपल्याला बघून आत थांबतात, आपण गेलो की बाहेर येतात. मला आधी वाटलं आमच्या रंगामुळे. मग कळलं, ते एकमेकांनाही असंच टाळतात.

पण सगळ्यात कठीण गेली ती शांतता. भिवंडीच्या माणसाच्या कानाला सतत काहीतरी काम असतं. तिथे कान रिकामे. मिलिंद म्हणायचा, "लाईट गेल्यासारखं वाटतं गं, चोवीस तास."

पावसाळ्यात आप्पा गेले. शेडमध्येच, लूमजवळ बसल्याबसल्या. मिलिंदच्या परमिटचे कागद तेव्हा ऑफिसात अडकलेले, देश सोडला तर परत येता येईल की नाही याची खात्री कोणी देईना. मोबाईलवर त्याने बापाला शेवटचं बघितलं. भन्तेजी आले, वंदना झाली, आणि आम्ही इकडे किचनमध्ये हात जोडून उभे. त्यानंतर मिलिंद त्या विषयावर एक अक्षर बोलला नाही. मी काढला विषय की उठून खिडकीशी जायचा. मला त्याचा राग यायचा, आणि त्याची दयाही यायची.

सासूबाईंनी लंगडीला हात लावला नाही. आप्पांनी अर्धवट सोडलेलं कापड तसंच लूमवर होतं.

आता त्या दिवसाचं सांगते.

डिसेंबर होता. तिथे डिसेंबरात दुपारचा चहा होईपर्यंत काळोख होतो. त्या दिवशी बर्फ पडत होता आणि वर धुकं. मिलिंदची ड्युटी सकाळची, दुपारी सुटायची. सुटल्यावर त्याचा फोन आला, बस चुकली, पुढची उशिरा आहे, मी जंगलातल्या पायवाटेने येतो. ती वाट आम्ही उन्हाळ्यात कितीदा चाललो होतो, ब्लूबेरी तोडत. मी म्हटलं ये, मी पोहे टाकते.

पोहे झाले. गार झाले. फोन लावला तर बंद. तिकडच्या थंडीत मोबाईलची बॅटरी माणसाच्या आधी मरते, हे मला माहीत होतं, म्हणून आधी घाबरले नाही. मग घाबरले. बूट घालून वाटेच्या तोंडापर्यंत गेले. समोर नुसतं काळं-पांढरं. "मिलिंद!" म्हणून ओरडले, तर माझाच आवाज दोन पावलांवर पडल्यासारखा झाला. बर्फ आवाज पिऊन टाकतो, हे मी मुलांना शिकवलं होतं. त्या दिवशी अनुभवलं.

इमर्जन्सीला फोन केला. पोलीस आले, एक बाई आणि एक पुरुष. दारात पायपुसण्यावर उभे राहून हळू आवाजात इंग्लिशमध्ये प्रश्न विचारत होते. अंगावर काय कपडे होते, तब्येत कशी, काही दुःख होतं का, भांडण झालं होतं का. मला कळलं ते काय विचारतायत. मी म्हटलं त्याचे वडील गेलेत. त्या बाईने मान हलवली आणि ते टिपून घेतलं. तो विचार तोवर माझ्या मनात आला नव्हता.

आम्ही शोधतोय, कुत्रे आणि वॉलंटियर येतायत, तुम्ही घरीच थांबा, तो परत आला तर घरात कोणीतरी हवं. असं सांगून ते गेले. मी एकटी राहिले. त्या अख्ख्या देशात मला हक्काने रडून दाखवता येईल असं एक माणूस नव्हतं.

तेवढ्यात आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, व्हिडिओ कॉल. रोज त्या वेळेला यायचाच; त्यांचं जेवण व्हायचं, आमची संध्याकाळ. उचलायचा नाही असं ठरवलं आणि उचलला.

"काय गो वैशू, जेवलीस का? मिल्या आला का न्हाय ड्युटीवरना?"

मी काही बोलायच्या आत त्यांना माझा चेहरा दिसला होता.

"काय झालाय? मना खरा सांग."

मी सांगितलं. जंगल, बर्फ, फोन बंद, पोलीस. त्या ऐकत राहिल्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. मग म्हणाल्या, "लंगडी लावते."

मला आधी कळलंच नाही. "काय?"

"लंगडी लावते. तो आवाजावर येतो."

माझा तोल गेला. मी काय काय बोलले ते इथे लिहवत नाही. आई, हे फिनलंड आहे, खाजण नाही! मधे समुद्र आहे, डोंगर आहेत, पाच-सहा देश आहेत! तुम्हाला काही कळतं का? असं बरंच. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "मंग मी दुसरा काय करू? तूच सांग. काय करू मी हितं बसून?"

 

त्यांनी मोबाईल शेडच्या खिडकीत टेकवून ठेवला. मला दिवा दिसत होता, लूमचा वरचा भाग, आणि कोपऱ्यात कांड्या भरायचं छोटं मशीन. आप्पांच्या हयातीत कांड्या भरायचं काम आईंचंच. धोट्यात घालायची ती सुताची कांडी, पाच-सात मिनिटांत संपते, की दुसरी घालायची. त्यांनी मोटर चालू केली आणि हँडल ओढलं.

खट खट... खटाक. खट खट... खटाक.

तो आवाज माझ्या किचनमध्ये आला आणि मी ओट्याला धरून खाली बसले. इतक्या महिन्यांनी! आप्पा गेल्यावर मी नीट रडले नव्हते, ते सगळं त्या वेळी बाहेर आलं. आई एक कांडी संपत आली की लूम थांबवायच्या, बदलायच्या, लगेच परत हँडल. मधल्या वेळात पुढची कांडी भरून ठेवायच्या. कपाळावरचा घाम पदराने पुसायलाही थांबत नव्हत्या. आणि प्रत्येक वेळी लूमला पाठ करून मशीनवर बसल्या की तोंडाने चालू, "ये रे मिल्या... ये बाबा... सरळ ये."

मी पोलिसांना परत फोन लावला. शोधतोय, म्हणाले. किती वेळ गेला ते माहीत नाही. बाहेर बर्फ वाढला होता. मला आता ते ठोके थांबतील याचीच भीती वाटायला लागली होती, कारण तो जिवंत असल्याचा दुसरा कुठलाच पुरावा माझ्याकडे नव्हता. लंगडी चालू आहे म्हणजे तो चालतोय. मी, विज्ञानाची बाई, मनात हे म्हणत होते.

शेजारचे शकीलभाई शेडच्या दारात आलेले मोबाईलमधून ऐकू आले. त्यांचा पलीकडे लूमचा कारखाना आहे. "भाभी? ये लंगडी किसने चलाई? इतने महीने बाद..."

आई मशीनवर होत्या. कांडी भरता भरता त्यांनी तोंड वर केलं. आणि लंगडी थांबली.

दिवा चालू होता. मला दिसत होता. पंखा फिरत होता. कांड्यांचं मशीन फिरत होतं. फक्त लंगडी थांबली, दोन ठोक्यांवर. तिसरा पडलाच नाही.

शकीलभाई पुढे गेले असावेत. त्यांचा आवाज आला, "धागा तो टूटा नहीं... कांडी भी आधी भरी है। भाभी, हँडल किसने छोड़ा?"

"मी हितं हाय," आई म्हणाल्या. "मी हात न्हाय लावला."

मी ओरडले. "आई, लावा परत! लावा ना! थांबवू नका!"

आई मशीन बंद करून लूमपाशी गेल्या. मला त्यांचा हात हँडलकडे जाताना दिसला, आणि तो मधेच थांबला.

"न्हाय," त्या म्हणाल्या.

"आई!"

"न्हाय वैशू. आवाज थांबला का तो उभा ऱ्हातो. आता परत लावला तं चालंल तो." त्यांनी हात मागे घेतला. "ह्यांनी थांबवला आसंल तं मी न्हाय लावनार."

मी त्यांना शिव्या दिल्या. हो, सासूला. शकीलभाईंना हिंदीत विनवण्या केल्या, प्लीज आप चला दो, भाभी को हटाओ. शकीलभाई जागचे हलले नाहीत. ते हळूच काहीतरी पुटपुटत होते, दुआ असावी. आणि आई हँडलच्या पुढ्यात उभ्या राहिल्या, कोणी लावू नये म्हणून. त्या शेडमध्ये मी आधी कधीच तेवढी शांतता ऐकली नव्हती. माझ्या किचनमधल्यासारखीच.

मी मोबाईल समोर ठेवून टेबलावर डोकं टेकलं. मला वाटलं संपलं. मनात मी त्याला पुरलंही. त्याचे बूट, त्याचे कपडे, राहनाळला कसं न्यायचं, आईंना काय सांगायचं, सगळं.

दाराची बेल वाजली तेव्हा मी उठले नाही. परत वाजली. दारात तीच पोलीस बाई. म्हणाली, सापडला. जिवंत आहे. बोटांना थंडी लागलीय, हॉस्पिटलमध्ये नेलाय, चला.

मागे टेबलावर कॉल चालूच होता. मी धावत जाऊन "आई, सापडला!" म्हणाले, तर त्या लूमपाशी तशाच उभ्या होत्या. त्यांनी नुसती मान डोलावली आणि खाली बसल्या.

मिलिंदने मला हॉस्पिटलमध्ये काय सांगितलं ते तसंच लिहिते. वाट चुकली होती. बर्फाने खुणा झाकल्या, फोन गेला. तो गोल गोल फिरला असावा. दमून एका झाडाला टेकून बसला आणि त्याला छान झोप यायला लागली... आणि मग त्याला लंगडी ऐकू आली. "मला वाटलं मी राहनाळला आहे. उठलो आणि चालायला लागलो. समोर झाडं संपली, सपाट मोकळं पांढरं दिसलं. मला वाटलं, भराव टाकलेला प्लॉट आहे. गोडाऊनसाठी टाकतात ना तसा. म्हणजे घर आलं."

तो प्लॉट नव्हता. ते तळं होतं. नुकतं गोठलेलं, वर बर्फाचा पातळ थर. तिथल्या शाळकरी मुलाला कळलं असतं, पण सपाट मोकळी जागा दिसली की आमच्या माणसाला भरावच आठवणार!

"आणि मग आवाज थांबला," तो म्हणाला. "म्हणून मी थांबलो."

त्याला शोधणारी मार्या नावाची बाई, रिटायर्ड, कुत्रा घेऊन अशा कामांना जाणारी. काही दिवसांनी ती आमच्या घरी आली, स्वतः विणलेले मोजे आणि वेलचीचे गोड पाव घेऊन. बूट दारात काढले, टेबलाशी बसली. ती म्हणाली, पुढे ओढा तळ्यात उतरतो, तिथलं पाणी गोठत नाही. मिलिंद त्या पाण्यापासून थोड्याच पावलांवर उभा होता. खिळल्यासारखा. तिने काठावरून बॅटरी मारली, ओरडून आडवं व्हायला सांगितलं, दोर टाकला, तरी तो हलेना. सारखा मागे, पाण्याकडे वळून बघत होता. शेवटी बाकीच्यांनी येऊन त्याला दोराने ओढून काठावर आणला.

"आम्ही त्या बाजूला शोधतच नव्हतो," ती म्हणाली. "मी आवाज ऐकून आले. कुठलं तरी यंत्र होतं. तळ्यावरून येत होता आवाज, त्या उघड्या पाण्याकडून. मला वाटलं कोणी पंप लावलाय. काठावर पोचले आणि तो बंद झाला."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. म्हटलं, "कसा आवाज?"

मार्याने जरा आठवलं आणि बोटाने टेबलावर वाजवून दाखवला. दोन ठोके बरोबर, तिसरा पाय ओढत.

मिलिंद उठून खिडकीशी गेला.

मला माहीत आहे, तुम्ही आता काय म्हणणार. थंडीने मेंदू भ्रमिष्ट होतो, कबूल. मिलिंदचं मी तेच धरून चालले असते. पण मार्या शुद्धीवर होती, तिने जन्मात पॉवरलूम बघितलेला नव्हता, आणि माझा मोबाईल माझ्या किचनमध्ये होता, जंगलापासून लांब, बंद खिडक्यांच्या आत. शकीलभाईंनी दुसऱ्या दिवशी लंगडी हाताने फिरवून तपासली. काही बिघाड नाही. हँडल आपोआप सुटेल असं काहीही नाही.

जाताना मार्याने दारात बूट घालता घालता विचारलं, "तिथे अजून कोणी होतं का? तो तुमच्या भाषेत सारखं काहीतरी म्हणत होता, मागे हात दाखवत." मी मिलिंदकडे बघितलं. त्याने खिडकीतूनच, वळून न बघता सांगितलं, "मी म्हणत होतो, थांबा, आप्पा येतायत." मार्याला मी म्हटलं, नाही, अजून कोणी नव्हतं.

कागद सुटल्यावर आम्ही राहनाळला आलो, ते अजून इथेच आहोत. मिलिंद बॅग टाकून सरळ मागे शेडमध्ये गेला. मी आणि आई पाठोपाठ. तो लूमसमोर उभा राहिला आणि आप्पा गेल्यापासून पहिल्यांदा, सगळ्यांसमोर, हुंदके देऊन रडला. आईंनी त्याला रडू दिलं.

मग त्यांनी लूमवरचं कापड दाखवलं. थांबलेला लूम परत सुरू केला की कापडावर आडवी रेघ उमटते, दाबल्यासारखी. आप्पांनी शेवटचं हँडल सोडून थांबवलं तिथे एक ठळक रेघ होती. त्यापुढे आईंनी त्या संध्याकाळी विणलेलं कापड, मधे मधे कांड्या बदलल्याच्या बारीक रेघा. आणि मग कापड संपत होतं, पुढे नुसते उभे धागे.

मिलिंदने त्या कापडावर हात ठेवला. बोटांची टोकं अजून बरी झालेली नव्हती.

"एवढा आलास तू," आई म्हणाल्या. मग त्यांनी आपलं बोट कापडाच्या कडेवरून पुढे, न विणलेल्या धाग्यांवर टेकवलं. "मी तुला सरळ बोलवत व्हते रे. मना काय म्हाईत मधी पानी हाय."

बाहेर कंटेनर वळला आणि घरात भांडी वाजली.

मला याचा अर्थ अजून लागलेला नाही आणि लागेल असं वाटतही नाही. आप्पा असते तर त्यांनी मला वेड्यातच काढलं असतं. शकीलभाई अधूनमधून विचारतात, लंगडी विकायची का, भंगारवाला येतो. आई नाही म्हणतात. कापडही कापू देत नाहीत. मिलिंद घराबाहेर असला आणि अंधार पडला की त्या शेडमध्ये जाऊन बसतात. हँडलला हात लावत नाहीत. नुसत्या बसून राहतात, आणि तो दारात दिसला की उठतात.